गोळ्याचं वजन विचारणाऱ्या मुलाला काय सांगायचं?

मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या गेम्सविषयी आपल्या मोहल्ल्यात दोनच मतं ऐकू येतात. एक, सगळं हराम आहे, मोबाईल काढून घ्या. दुसरं, पोरगं घरात तरी बसतंय ना, चौकात टवाळक्या तर करत नाही ना, मग खेळू द्या. पहिलं मत जुम्याच्या बयानात ऐकायचं आणि दुसरं घरी जाऊन अमलात आणायचं, असं आपलं चाललेलं असतं. त्यामुळे मुलं नेमकं काय खेळतात, त्यातून काय उचलतात, हे विचारायची वेळच येत नाही.

मला यातल्या एकाच प्रकाराबद्दल लिहायचं आहे. त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. विमान चालवण्याची नक्कल. 'वॉर थंडर' हे नाव आता आमच्या पाचोऱ्याच्या पोरांनाही ठाऊक आहे, कारण त्याची मोबाईलवरची आवृत्ती निघाली. 'आयएल-टू स्टुर्मोविक' त्याहून जुना, 2001 सालचा, मॉस्कोत बनलेला. त्याला कॉम्प्युटर लागतो, म्हणून तो खेळणारे कमी. या खेळांत दुसऱ्या महायुद्धातली खरी विमानं असतात आणि त्यांच्या तोफाही खऱ्या तोफांचे आकडे घेऊन बनवलेल्या असतात. गोळ्याचं वजन, नळीतून सुटतानाचा वेग, मिनिटाला किती गोळे, विमानात एकूण किती गोळे. धाडधाड गोळ्या झाडायच्या इतर खेळांत हे कुणी विचारत नाही. इथं विचारावं लागतं, कारण त्याशिवाय नेम लागत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही, पण आमच्यासारख्या शाळेत शिक्षक कमी असले की बदली तासाला कोणीही कुठेही जातो. अशाच एका तासाला आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, श्वाक का गोला कितने ग्राम का होता?" मला श्वाक म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्याने वही दाखवली. चार पानं भरली होती. विमानांची नावं, तोफांची नावं, पुढे आकडे. अक्षर वाईट, पण आकड्यांचे रकाने सरळ. या मुलाने निबंधाची वही कधी दीड पानापुढे नेलेली नाही.

मग मीही वाचायला लागलो. श्वाक ही सोव्हिएत विमानांमधली 20 मिलिमीटरची तोफ. श्पितालनी आणि व्लादिमिरोव या दोघांनी तयार केलेली, त्यांच्याच आद्याक्षरांवरून नाव पडलं. गोळा सुमारे 96 ग्रॅमचा, म्हणजे आपल्या दुकानातल्या शंभर ग्रॅम चहापत्तीच्या पुडीएवढा. नळीतून सुटतो तेव्हा वेग सेकंदाला साधारण 800 मीटर. मिनिटाला सुमारे 800 गोळे. याक-9 या लढाऊ विमानात ही तोफ इंजिनमध्ये बसवलेली असायची आणि गोळा थेट पंख्याच्या मधोमध असलेल्या भोकातून बाहेर यायचा. सोबत गोळे किती? 120.

आता हिशोब करा. मी तो फळ्यावर करून घेतला. मिनिटाला 800, तर 120 गोळे किती वेळ पुरतील? नऊ सेकंद. वर्ग एकदम गप्प झाला. सिनेमात हिरो पाच मिनिटं गोळ्या झाडतो. खऱ्या विमानात अख्ख्या उड्डाणाला नऊ सेकंद. तेवढ्यात काय करायचं ते करायचं, नाहीतर घरी जायचं.

त्रैराशिकाचं हे उदाहरण मी पुस्तकात शोधलं असतं तर सापडलं नसतं. "एका टाकीत दोन नळ" याला आमची मुलं कंटाळली आहेत, मी स्वतः शिकत होतो तेव्हाही कंटाळलो होतो.

पुढचा हिशोब नेम धरण्याचा. समोरचं विमान 300 मीटरवरून आडवं जातंय, वेग सेकंदाला 150 मीटर. गोळ्याला 300 मीटर जायला 300 भागिले 800, म्हणजे 0.375 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात विमान 56 मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे विमानावर नेम धरला की गोळा हमखास मागून जाणार. विमान जिथं अजून पोहोचलेलंच नाही तिथं गोळा टाकायचा. शिवाय तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने गोळा जवळजवळ 70 सेंटीमीटर खाली येतो. हवेचा अडथळा धरला तर दोन्ही आकडे आणखी वाढतात. मुलं बोटांनी खेळताना हे अंदाजाने करतच असतात. फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की तुम्ही करताय त्याला गणित म्हणतात आणि ते तुम्हाला येतंय.

आमच्या मुलांची एक वेगळी अडचण आहे, ती मराठी माध्यमाच्या वाचकांना कदाचित जाणवणार नाही. उर्दू माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात वस्तुमानाला कमियत, ऊर्जेला तवानाई आणि संवेगाला मेयार-ए-हरकत म्हणतात. अकरावीला हीच मुलं इंग्रजीत जातात आणि पहिल्या चाचणीतच गळतात. संकल्पना कळलेली असते, शब्द परका असतो. ज्या मुलाने 96 ग्रॅम आणि 800 मीटर यांवरून गोळ्याची ऊर्जा 30 हजार ज्यूलच्या वर येते हे स्वतः काढलं, त्याला तो शब्द तीनपैकी कोणत्याही भाषेत विचारा, तो अडत नाही.

पट्ट्याची गोष्ट तर याहून मजेची. तोफेत गोळे एकामागोमाग एका पट्ट्यात ओवलेले असतात. सगळे सारखे नसतात. एक फुटणारा, एक आग लावणारा, एक चिलखत भेदणारा, एखादा ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ सोडणारा. काही सिम्युलेटरमध्ये खेळणाऱ्यालाच ठरवता येतं की पट्ट्यात काय काय ओवायचं. रणगाडा फोडायचा असेल तर चिलखतभेदी, विमान पाडायचं असेल तर फुटणारे, दोन्हींची शक्यता असेल तर मिसळलेला. आणि प्रत्येक निवडीची किंमत मोजावी लागते. ट्रेसर जास्त ठेवले तर नेम सुधारतो, पण समोरच्यालाही कळतं की आपल्यावर गोळीबार होतोय.

गेममध्ये यावरून भांडणं होतात. रशियन श्वाक कमजोर आहे, नाही, तिला मुद्दाम कमजोर केलंय, नाही, उलट ती जास्तच ताकदवान दाखवलीय. आमची मुलंही या भांडणात उतरलेली. जर्मनांच्या 20 मिलिमीटरच्या एका खास गोळ्याचं कवच पातळ पत्र्याचं असायचं आणि आत अठरा ग्रॅमच्या आसपास स्फोटक मावायचं. तो धक्क्याने विमानाचा पत्रा उचकटून टाकायचा. सोव्हिएत गोळ्यात स्फोटक त्याच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी, पण कवच जाड, म्हणून त्याच्या किरचा जास्त आत जायच्या. मग चांगला कोणता? ते कुठे लागला यावर आहे. इंजिनला लागला की पंखाच्या टोकाला, समोरचं विमान पत्र्याचं की लाकडाचं. सोव्हिएत लाव्होच्किन विमानं बरीचशी लाकडाची होती, कारण ॲल्युमिनियमचा तुटवडा होता. ग्रॅमच्या आकड्यावरून निकाल देता येत नाही.

इथं मला मुलांना एक गोष्ट शिकवता आली, जी एरवी दीनियातच्या तासाला शिकवतात. मी विचारलं, ही तोफ कमजोर आहे हे तुला कुणी सांगितलं? "व्हिडिओ में देखा." व्हिडिओवाल्याला कुणी सांगितलं? त्याला कुणी? हदीसची सनद कशी तपासतात ते मुलांना माहीत आहे. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, तो माणूस भरवशाचा होता का, दोघं एकमेकांना भेटले असण्याची शक्यता होती का. मी म्हटलं, तीच रीत इथं लावा. हा आकडा सोव्हिएत कारखान्याच्या कागदातला आहे, पकडलेल्या तोफा तपासणाऱ्या शत्रूच्या अहवालातला आहे, की गेम बनवणाऱ्याने खेळ रंगतदार व्हावा म्हणून ठरवलेला आहे? तिन्हींची सनद वेगळी. दोन दिवसांनी एक मुलगा येऊन म्हणाला, "सर, ये वाला ज़ईफ है." आकड्याला ज़ईफ म्हणणारा विद्यार्थी मला आजवर भेटला नव्हता. जो मुलगा तोफेच्या आकड्याची सनद विचारायला शिकला, तो उद्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचीही विचारेल, निदान विचारण्याची शक्यता तरी वाढली.

हे सगळं छान चाललं होतं. मग मुलाचे अब्बा आले.

ते रागावून आले नव्हते. घाबरून आले होते. वही त्यांच्या हातात होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हणाले, "सर, इसमें गोला-बारूद का लिखेला है. कल को किसी ने देख लिया तो?" मी सांगितलं की ही 80 वर्षांपूर्वीच्या रशियन विमानांची माहिती आहे, सगळीकडे छापलेली आहे, यात गुप्त काही नाही, यातून काही बनवता येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आप समझते, मैं भी समझता. पर देखने वाला नाम पढ़ेगा ना पहले."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचोऱ्याहून चाळीसगाव ओलांडून पुढं गेलं की मालेगाव. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारातच्या दिवशी तिथं बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले ते बहुतेक मुसलमान, आणि पकडले गेले तेही मुसलमानच. त्यात डॉक्टर होते. पाच वर्षांनी जामीन मिळाला, आणि 25 एप्रिल 2016 ला विशेष न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. दहा वर्षं. त्या बापाला हे निकालपत्र वाचायची गरज नाही, खान्देशातल्या प्रत्येक मुस्लिम घरात ते तोंडी पाठ आहे. हीच चार पानं दुसऱ्या एखाद्या मुलाच्या वहीत सापडली असती तर लोक म्हणाले असते, पोरगं हुशार आहे, एअर फोर्समध्ये जाणार. मुस्लिमेतर वाचकांनी या वाक्यावर लगेच वाद घालू नये, क्षणभर आपल्या शेजारच्या दोन घरांची कल्पना करून पाहावी.

तरीही माझं मत त्या बापाच्या विरुद्ध आहे. भीती खरी आहे, तिचं कारणही खरं आहे, पण ती भीती मुलाच्या वहीवर लादली की काय होतं ते मी वीस वर्षं बघतोय. मुलगा वही लिहायचं थांबवतो, खेळायचं थांबवत नाही. म्हणजे आकडे जातात आणि धडाधडा तेवढा उरतो. त्याची जागा मग रील्स घेतात. तुर्कस्तानचं बायरकतार ड्रोन, मागे जोशपूर्ण तराना, खाली "माशाअल्लाह" चे पाऊस. ते ड्रोन किती वजन उचलतं, कशावर चालतं, ते कुणी कुणाला विकलं, हे त्या रीलखाली एकालाही माहीत नसतं. रील पाहिलेल्या मुलाला विचारून बघा. आपल्या घरांना वहीची भीती वाटते आणि रीलची वाटत नाही, हे मला उलटं वाटतं.

ही विद्या आपल्याला परकी आहे असंही नाही, आणि हे मी भाषेचा शिक्षक म्हणून सांगतो. तोफ हा शब्द तुर्कीतून आला. बारूद, बंदूक, तोफखाना, सगळे फारसी-तुर्की वाटेने मराठीत येऊन इतके मुरले की आज कुणाला ते परके वाटत नाहीत. गोलंदाज म्हणजे गोळा टाकणारा, तोफ डागणारा. आज मराठीत तो क्रिकेटमध्ये चेंडू टाकतो. आणि शिस्त. फारसीत शस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरतात, म्हणजे नेम धरतात. आज शाळेत "शिस्त पाळा" अशी पाटी लावतो तेव्हा आपण मुलांना मुळात नेम धरायला सांगत असतो, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुलं हसतात. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली ती अहमदनगरला, 1549 मध्ये, निजामशाहीच्या चाकरीतल्या एका रूमी कारागिराच्या हातून. पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिम खान गारदी होता. 1761 मध्ये तो जखमी होऊन अब्दालीच्या हाती लागला आणि मारला गेला.

पण ही नावं मी प्रमाणपत्र म्हणून पुढे करत नाही. आपल्याकडे ती सवय झाली आहे. मुलाने विमानाचं नाव काढलं की कलाम साहेबांचं नाव घ्यायचं, रणगाड्याचं काढलं की अब्दुल हमीद. हे दोघेही थोर होते यात शंकाच नाही. पण आठवीतल्या मुलाला गोळ्याचं वजन विचारण्यासाठी परमवीर चक्राची शिफारस लागू नये. कुतूहलाला जामीन कशाला हवा?

त्यापेक्षा मी मुलांना अमेत-खान सुलतानची हकीकत सांगितली. हा क्रिमियातल्या अलुपकाचा, जन्म 1920. आई क्रिमियन तातार, वडील दागेस्तानचे. सोव्हिएत हवाई दलात लढाऊ वैमानिक. 31 मे 1942 ला यारोस्लाव्हल शहरावर त्याने जर्मन बॉम्बर विमानाला आपलं हरिकेन विमान नेऊन धडकवलं आणि स्वतः छत्रीने उतरला. युद्ध संपेपर्यंत एकट्याच्या नावावर 30 विमानं. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दोनदा. शेवटी शेवटी तो ला-7 चालवत होता, ज्यात दोन श्वाक तोफा. गेममधली मुलं जे विमान हौसेने घेतात ते हेच.

आता यातली जी गोष्ट गेममध्ये नाही ती. 18 मे 1944 ला, क्रिमिया जर्मनांकडून परत घेतल्यावर काही दिवसांतच, स्टालिनच्या सरकारने सगळ्या क्रिमियन तातारांना शत्रूला सामील ठरवलं आणि मालगाड्यांत कोंबून बहुतेकांना उझबेकिस्तानात हद्दपार केलं. जवळजवळ एक लाख नव्वद हजार माणसं. बायका, म्हातारे, मुलं. ज्यांचे मुलगे त्या क्षणी आघाडीवर लढत होते त्यांचीही घरं रिकामी झाली. अमेत-खान त्यानंतरही लढत राहिला, बर्लिनच्या आकाशापर्यंत गेला. नंतर तो चाचणी वैमानिक झाला आणि 1971 मध्ये एका चाचणी उड्डाणात मरण पावला. आज दागेस्तानची राजधानी मखाचकला इथल्या विमानतळाला त्याचं नाव आहे. त्याच्या आईच्या लोकांना मात्र आपल्या गावी परत यायला अनेक दशकं लागली.

वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "फिर वो लड़ा क्यों?" मी उत्तर दिलं नाही. मुलांनीच वाद घातला, तास संपला तरी चालू होता. कुणी म्हणालं मुलुख त्याचाही होता, कुणी म्हणालं लढला नसता तर आरोप खरा ठरला असता, एकजण म्हणाला त्याला उडायला आवडायचं, बस्स. तिन्ही उत्तरं मला पटली. एखाद्या 20 मिलिमीटरच्या तोफेवरून आठवीचा वर्ग इथवर येऊ शकतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

खेळ काय लपवतो तेही सांगायला हवं, नाहीतर मी त्या गेमचा प्रचारक आहे असं वाटायचं. गेममध्ये पट्टा बटण दाबलं की भरतो. खऱ्यात तो कारखान्यात भरला जातो. 1941 मध्ये जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा सोव्हिएत कारखाने सुटे करून, रेल्वेत घालून व्होल्गा, उरल आणि मध्य आशियाकडे हलवले गेले, आणि पुरुष आघाडीवर असल्यामुळे त्यांत बायका आणि आमच्या नववी-दहावीच्या वयाची मुलं राबली. इल-2 हे जमिनीवर हल्ला करणारं विमान तर 36 हजारांहून जास्त बनलं. सुरुवातीला त्यात श्वाक होती, पुढे 23 मिलिमीटरची व्हीया तोफ आली, 200 ग्रॅमचा गोळा. त्याच्याही पुढे काही विमानांना 37 मिलिमीटरच्या दोन तोफा लावल्या, गोळा 735 ग्रॅमचा, ऊर्जा श्वाकच्या जवळजवळ दहापट. गेममध्ये मुलांना ही तोफ फार आवडते. पण प्रत्यक्षात ती या विमानावर नीट बसली नाही. याक-9टी मध्ये तीच तोफ मधोमध होती, त्यामुळे धक्का सरळ मागे जायचा. इल-2 वर ती दोन्ही पंखांखाली, आणि दोन तोफा एका क्षणी सुटत नाहीत. एक जरा आधी सुटली की विमानाचं नाक त्या बाजूला वळायचं, पुढचा गोळा भलतीकडे. मोठं म्हणजे चांगलं, या समजाला इथं तडा जातो, आणि तो भौतिकशास्त्राने जातो.

कारखान्याची गोष्ट आपल्यापासून लांब नाही. भुसावळच्या पलीकडे वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथं रायफलीची काडतुसं बनतात. भुसावळच्या निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या, पिपं. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांची चूल यावर पेटते. आणि जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, तेही मुलांना माहीत असावं. गेममधला पट्टा भरणाऱ्याचा हात दाखवत नाही.

तसंच गोळा जिथं पडतो तिथलं. सोव्हिएतांनी 1944 च्या सुमारास नवी, हलकी 23 मिलिमीटरची तोफ काढली आणि तिच्यासाठी आखूड काडतूस बनवलं. त्याच मापाचं काडतूस पुढे मिग-21 च्या जीएसएच-23 तोफेत आलं. म्हणजे आपल्या नाशिकजवळ ओझरला ज्या विमानांची बांधणी झाली, आणि जी सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाली, त्यांच्या तोफेचं काडतूस महायुद्धातलं. वेग मात्र भलता, मिनिटाला तीन हजारांवर गोळे. विमानात गोळे 200. हिशोब मुलांनीच केला, चार सेकंद. 1965 मध्ये आपल्या काही मिग-21 मध्ये तोफच नव्हती, नुसती क्षेपणास्त्रं. ती उणीव भरायला पुढे पोटाखाली तोफेची पेटी बसवली. 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी त्याच तोफेने पाकिस्तानचं एफ-104 पाडलं. विंग कमांडर मिडलकोट समुद्रावर बाहेर पडले, आणि सापडले नाहीत. मुलांनी पहिल्या वाक्याला टाळ्या वाजवल्या. दुसरं वाक्य मी जाणूनबुजून लगेच सांगतो. दोन्ही वाक्यं एकाच दमात सांगावीत असं मला वाटतं.

आता पालकांसाठी आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी थोडं रोकडं बोलतो.

एक रेघ मी वर्गात स्पष्ट आखली आहे. तोफ काय करते, गोळा कसा जातो, कुणी बनवला, कुणावर पडला, हे विचारायचं. स्फोटक कसं बनवतात हे विचारायचं नाही, शोधायचं नाही, फोनवर तर अजिबात नाही. ही रेघ मुसलमान मुलांसाठी नाही, सगळ्या मुलांसाठी आहे. वरणगावच्या कामगारालाही प्रशिक्षणाशिवाय ते हाताळू देत नाहीत.

दुसरं, वही लपवू नका, उघडी करा. त्या मुलाच्या वहीच्या प्रत्येक पानावर मी तारीख घातली, 'वेग व ऊर्जा, सराव' असं मराठीत आणि उर्दूत लिहिलं आणि सही केली. मुख्याध्यापकांना दाखवून त्यांचीही घेतली. घरात कोंबलेला कागद आणि शिक्षकाने तपासलेली वही यात कायद्याने फरक किती पडतो ते वकील सांगतील, पण बापाच्या झोपेत पडतो. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात 'चालत्या वस्तूवर नेम' असा तक्ता लावायचा विचार आहे, त्यात विमानासोबत क्रिकेटमधला धावबाद आणि गोफणही घेऊ. शेताची राखण करणाऱ्या पोराला गोफणीतून दगड कुठे टाकायचा हे न शिकता येतं, त्याचं गणित तेच आहे.

तिसरं, ज्या मुलाला खरंच उडायचंय त्याला वाट दाखवा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलं की एनडीएमार्फत हवाई दलात जाता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आता मुलींनाही खुली. त्याची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींची नाशिकला. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. मी आमच्या भागातल्या पालकांना विचारलं तर या संस्थेचं नाव बहुतेकांनी ऐकलंच नव्हतं. हवाई दल प्रमुख झालेले इद्रिस हसन लतीफ, जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही होते, तेही कधीतरी कुणाच्या तरी घरातलं विमानांविषयी विचारणारं पोरगंच असणार.

ज्यांना या संस्थेच्या अर्जाविषयी विचारायचं आहे त्यांनी मुलाला सोबत घेऊन शाळेत यावं. शनिवारी सकाळची शाळा असते, मी एक वाजेपर्यंत थांबतो. मुलाची अशी एखादी वही असेल तर तीही आणावी, वर्तमानपत्रात न गुंडाळता.